पाठोपाठ छापलेले दोन निबंध

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या सप्टेंबर १९९२ च्या एका अंकात ६६९ व्या पानावर ‘सेव्ह’ चाचणीचा निबंध सुरू होतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर तीन ते सोळा दिवसांनी सुरू केलेल्या कॅप्टोप्रिलच्या गोळ्या, आणि मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी कमी. तो संपतो आणि ६७८ व्या पानावर स्कँडिनेव्हियन डॉक्टरांचा ‘कन्सेन्सस-२’ सुरू होतो. औषध त्याच कुळातलं, हाती मात्र अपयश. मला गोडी आहे ती या दुसऱ्याची.

याच गटाने १९८७ मध्ये हृदय पार थकलेल्या २५३ रुग्णांवर एनालॅप्रिलच्या गोळ्यांची चाचणी केली होती. सहा महिन्यांतले मृत्यू ४४ टक्क्यांवरून २६ वर आले. मग हृदय थकेपर्यंत थांबायचं कशाला? गोळीतलं एनालॅप्रिल यकृतात रूप पालटून कामाला लागतं. ते तयार रूप, एनालॅप्रिलॅट, थेट शिरेतून देता येतं. झटक्यानंतर २४ तासांच्या आत ते द्यायचं, पुढे गोळ्या. १०३ केंद्रं, ६०९० रुग्ण.

निबंधाचा सारांश सावकाश वाचावा. सहा महिन्यांतले मृत्यू: औषधाविना १०.२ टक्के, औषधासह ११. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. हृदय निकामी होत गेल्याने मृत्यू: ३.४ विरुद्ध ४.३. जे टाळायला निघाले, तेच औषधाच्या बाजूला किंचित जास्त! आणि लगतच उलटं सांगणारा आकडा: हृदयाची स्थिती बिघडल्याने उपचार बदलावे लागले ते औषधाविना ३० टक्क्यांना, औषधासह २७. फायद्याचा हा आकडा मथळ्यासारखा मिरवता आला असता. लेखकांनी तो इतरांच्या रांगेत बसवला आणि निष्कर्षात जगण्याला फायदा नाही एवढंच म्हटलं. चाचणी मध्येच थांबवली होती, हेही झाकलं नाही. मोठ्या गुंतवणुकीच्या संशोधनात इतकं कोरडं गद्य लिहायला छाती लागते.

मर्म मला एका साध्या आकड्यात दिसतं: सुरुवातीलाच रक्तदाब कोसळला तो औषधासह १२ टक्क्यांचा, औषधाविना ३. जखमी हृदय पहिल्या तासांत ज्या दाबावर तग धरतं, तोच औषधाने काढून घेतला असावा.

पुढे ‘आयसिस-४’ या चाचणीत झटक्यानंतर पहिल्याच दिवशी कॅप्टोप्रिलच्या गोळ्या दिल्या, तेव्हा थोडा फायदा दिसला. झटक्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत शिरेतून मात्र या कुळातलं औषध नको, असं उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत आलं.