समर्थ येत नाहीत तेव्हा

तर मंडळी, नारायण धारपांचे समर्थ आठवा. संकट बाहेरून येई, समर्थ त्याचा उलगडा करत, ते परतवून लावत, आणि वाचक निवांत झोपे. आम्हीही झोपलो. पण ज्या भयाचा पूर्ण उलगडा होतो ते भय कसलं? ते कोडं होतं, सुटलं.

आता धारपांच्याच ‘आजी’ कथेवरून स्फुरलेला, राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) बघा. तिथे समर्थ नाहीत. हस्तर भुकेला आहे खरा, पण त्याच्याकडे विनायक स्वतःच्या पायांनी उतरतो, नाण्यांसाठी, आणि पुढे पोरालाही उतरायला शिकवतो. भय वारशानं मिळतं, शेतीवाडीसारखं! हृषीकेश गुप्ते यांच्या ‘दंशकाल’मध्येही ते घरातच मुरलेलं आहे. ही वाट आम्हाला जास्त खरी वाटते.

तक्रार एकच. बर्व्यांनी ती गोष्ट ऐकली नागझिऱ्याच्या जंगलात, म्हणजे आपल्या विदर्भात. पडद्यावर मात्र कोकणातला पाऊस नि पडका वाडा. भुताचा पत्ता कायम कोकणचाच का हो? ‘तुंबाड’ थेटरात लागला त्याच दिवसांत आपल्याकडे पांढरकवडा-राळेगाव भागात माणसं जागलीला जायला धजत नव्हती. पऱ्हाटीत काही सळसळलं तर वारा की अवनी वाघीण, कोण सांगणार? २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली. तीच नरभक्षक होती का, हा वाद उरला. जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलनही झालं. त्या रात्रींवरची भयकथा अजून आमच्या वाचनात आलेली नाही.