‘संन्यस्त खड्ग’चे दोन प्रेक्षक

संगीत नाटकाच्या पुनरुज्जीवनाची चर्चा आपल्याकडे बहुधा गायकीच्या तुलनेपाशी थांबते. नव्या नटाने जुन्या पदाला न्याय दिला की नाही, किती पदे गाळली, ऑर्गन आणि तबल्याची साथ कशी होती, हे प्रश्न गैरलागू नाहीत. परंतु त्यांत प्रेक्षक हा केवळ श्रोता म्हणून गृहीत धरलेला असतो. वि. दा. सावरकर यांचे ‘संगीत संन्यस्त खड्ग’ २०२५ साली हृषीकेश जोशी यांच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हा हे गृहीतक अपुरे असल्याचे उघड झाले. एकीकडे पदांना दाद मिळाली. दुसरीकडे नाटकातील बुद्ध आणि अहिंसा यांच्या चित्रणाला आक्षेप घेतला गेला, विरोधही झाला. दाद देणाऱ्याला आक्षेपक अरसिक वाटतो आणि आक्षेपकाला दाद देणारा पक्षपाती वाटतो. या दोन प्रतिक्रिया रसिकता आणि भावनाप्रधानता अशा वाटून देता येत नाहीत, त्या एकाच संहितेची दोन वाचने आहेत, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

प्रथम नाटकाचा जन्मकाळ पाहू. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास आणि राजकारणात भाग घेण्यास त्यांना मनाई होती. ‘उःशाप’ (१९२७), ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) आणि ‘उत्तरक्रिया’ (१९३३) ही तिन्ही नाटके या बंधनकाळातील आहेत. राजकीय विधान उघडपणे करता येत नसेल तेव्हा पुराणाचा किंवा इतिहासाचा आडपडदा घेण्याची रीत मराठी रंगभूमीला नवी नव्हती. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी कर्झनला पाहिले, आणि सरकारनेही तेच पाहिले म्हणून १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी आली. ‘संन्यस्त खड्ग’ बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले तेव्हा मिठाचा सत्याग्रह होऊन जेमतेम वर्ष लोटले होते आणि गांधी-आयर्विन करार ताजा होता. शाक्यांचा सेनापती विक्रमसिंह बुद्धांशी अहिंसेवर वाद करतो, तरीही खड्ग खाली ठेवून संन्यास घेतो. पुढे कोसलाचे आक्रमण होते, त्याचा मुलगा वल्लभ आणि सून सुलोचना या संघर्षात ओढले जातात, आणि वृद्ध भिक्षू पुन्हा शस्त्र हाती घेतो. हे कथानक १९३१ सालच्या प्रेक्षकाने समकालीन वाद म्हणूनच ऐकले असणार. रंगमंचावर बुद्ध असले, तरी वाद गांधींशी होता.

रूपकाचे एक वैशिष्ट्य असे की त्याचे आयुष्य प्रेक्षकाच्या स्मरणावर अवलंबून असते. याउसने ज्याला ‘अपेक्षांचे क्षितिज’ म्हटले ते बदलले की रूपकातील सूचित अर्थ विरतो आणि वाच्यार्थ पुढे येतो. आज ‘कीचकवध’ पाहणाऱ्याला कर्झन आठवत नाही. तेथे उरतो तो महाभारतातील कीचक, आणि त्याच्या वधाने कोणीही दुखावत नाही. ‘संन्यस्त खड्ग’मध्ये मात्र गांधी विरल्यावर उरतात ते बुद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर महाराष्ट्रातील लक्षावधी माणसांसाठी बुद्ध ही केवळ इतिहासातील थोर व्यक्ती राहिली नाही. १९३१ च्या नाट्यगृहात हा प्रेक्षक बुद्धानुयायी म्हणून उपस्थितच नव्हता. आज तो आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यापुरते बोलायचे तर तो या भूमीला परका नाही. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे याच जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आहे. नाटकाची जन्मभूमी आणि आक्षेपकाची परंपरा एकाच जिल्ह्यात नांदतात, ही गोष्ट समीक्षेने गंभीरपणे घेतली पाहिजे.

मधल्या काळात नाटकाचे काय झाले? ते मागे पडले आणि पदे पुढे गेली. रामकृष्णबुवा वझे यांनी दिलेल्या चाली आणि दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीचा ठसा यांमुळे ‘मर्मबंधातली ठेव’ किंवा ‘शतजन्म शोधिताना’ ही पदे मैफलींतून, नभोवाणीवरून, नाट्यगीतांच्या स्पर्धांतून गायली जात राहिली. ‘मर्मबंधातली ठेव’ हा तर मराठीत वाक्प्रचारच झाला. जिवापाड जपलेल्या आठवणीला ते नाव देणाऱ्या अनेकांना ते एका युद्धनाट्यातून आले आहे याची जाणीव नसते. म्हणजे पद आपल्या प्रसंगापासून सुटले. प्रयोगात ते पुन्हा आपल्या प्रसंगात येते तेव्हा ओळखीचा सूर अनोळखी वादाच्या मध्ये ऐकू येतो. जुन्या रसिकाची दाद त्या ओळखीला असते. संगीत नाटकाचा रूपबंधही याला पोषक आहे. पद सुरू झाले की कथानकाचा काळ थांबतो, पात्र मागे सरते आणि गायक पुढे येतो. ‘वन्स मोअर’ पदाला मिळतो. युक्तिवादाला कोणी ‘वन्स मोअर’ देत नाही. म्हणून टाळ्यांवरून प्रेक्षकाने नाटकाचा सिद्धांत मान्य केला असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पण त्याचबरोबर, सुरांत गुंतलेल्या प्रेक्षकाच्या मनात युक्तिवाद विनातपासणी उतरतो, हेही नाकारता येणार नाही.

आता आक्षेपाकडे वळू. नाटकाच्या समर्थनार्थ असे म्हणता येते की संहितेत बुद्धांविषयी अनादर नाही. वाद सभ्य पातळीवर चालतो. हे खरे असले तरी पुरेसे नाही. नाटकात मत हे केवळ संवादांतून व्यक्त होत नाही, घटनाक्रमातूनही होते. वादात दोन्ही पक्षांना समान वाक्ये देता येतात. मात्र पुढच्या अंकात आक्रमण घडवायचे की नाही हे नाटककाराच्या हाती असते. आक्रमण होते, आणि त्या क्षणी वादाचा निकाल लागतो. प्रतिपक्षाला या निकालावर उत्तर देण्यास जागा राहत नाही. आक्षेपकाला जे खुपते त्याचे मूळ शब्दांपेक्षा या रचनेत आहे.

या रचनेतील निवड किती हेतुपूर्ण होती, हे पाली परंपरेशी तुलना केल्यास दिसते. शाक्यांच्या संहाराची कथा परंपरेत आहेच. कोसलराज पसेनदीने शाक्यकुलातील कन्या मागितली. शाक्यांनी कुलाभिमानापायी महानामाला दासीपासून झालेली मुलगी वासभखत्तिया राजकन्या म्हणून दिली. तिचा पुत्र विडूडभ आजोळी आला, तो निघून गेल्यावर त्याचे आसन दासीपुत्र बसला म्हणून दुधापाण्याने धुण्यात आले. हे कळल्यावर त्याने सूड घेण्याची प्रतिज्ञा केली. बुद्धांनी त्याला तीन वेळा मागे फिरवले. अखेर संहार झालाच. या कथेत नाशाचे बीज जन्माच्या अभिमानात आहे. सावरकरांच्या नाटकाचा भर मात्र शस्त्रत्यागावर आहे. विशेष असे की ज्या वर्षी हे नाटक आले त्याच १९३१ साली रत्नागिरीत सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले आणि सावरकरांचे अस्पृश्यतानिवारणाचे कार्य ऐन भरात होते. धुतलेल्या आसनाचा प्रसंग त्या कार्याशी थेट भिडणारा होता. परंतु नाटककाराने समाजसुधारकाचा विषय बाजूला ठेवून राजकीय वादाचा विषय मध्यभागी आणला. त्या क्षणीच्या गरजेने केलेली ही निवड समजण्यासारखी आहे. मात्र ती इतिहासाची अपरिहार्यता म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही.

दुसरा मुद्दा अहिंसेच्या अर्थाचा. आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात अहिंसेवरील आक्षेपांची चर्चा आहे, आणि तीत सिंह नावाचा सेनापतीच बुद्धांना प्रश्न विचारतो. तेथे मिळणारे उत्तर निरपवाद शस्त्रत्यागाचे नाही. शांततेचे सर्व उपाय संपल्यावर न्यायासाठी लढणाऱ्याला तेथे दोष दिलेला नाही. आंबेडकरांच्या वाचनात अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही. हा ग्रंथ ज्याच्या घरात आहे तो प्रेक्षक ‘संन्यस्त खड्ग’ पाहतो तेव्हा विक्रमसिंहाचा प्रतिपक्ष त्याला मुळातच खोटा वाटतो. जो सिद्धांत नाटक खोडून काढते तो आपल्या बुद्धांचा नाहीच, असे त्याचे म्हणणे होऊ शकते. दुखावलेल्या श्रद्धेपेक्षा हा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण त्याला संहितेच्या आधाराने उत्तर द्यावे लागते.

याचा अर्थ प्रयोग थांबवावा असा नाही. प्रयोग थांबला की वाचनही थांबते, आणि मग आक्षेपकाचे हे वजनदार म्हणणे घोषणेत विरून जाते. उलट, ‘हे जुने नाटक आहे, पदे ऐका आणि सोडून द्या’ ही भूमिकाही नाटकाचा अवमान करणारी आहे. जो लेखक मतासाठी नाटक लिहितो, त्याचे मत वगळून सूर ऐकणे हा त्याच्यावरील अन्याय होय. पुनरुज्जीवन करणाऱ्यापुढचा खरा प्रश्न किती पदे ठेवावीत हा नाही. १९३१ चा अनुपस्थित प्रतिपक्षी आज नाट्यगृहात बसला आहे, त्याच्यासमोर विक्रमसिंह आणि बुद्ध यांचा वाद कसा उभा करावा, हा आहे. गांधी आठवत नाहीत अशा प्रेक्षागृहात तो वाद जुन्याच सुरात बोलला गेला, तर नाटक आपला मूळ प्रतिस्पर्धी हरवते आणि ज्याच्याशी त्याचे भांडण नव्हते त्याच्यावर शस्त्र उगारते. ‘संन्यस्त खड्ग’च्या नव्या प्रयोगांचे मूल्यमापन या कसोटीवर झाले पाहिजे. गायकीची कसोटी त्यानंतरची.