रोगसंभव पिशाच आणि रोगी माणूस

साथीच्या रोगाला देह, चेहरा आणि इच्छा देण्याची मनुष्याची खोड फार पुरातन आहे. जो शत्रू डोळ्यांना दिसत नाही त्याच्याशी झुंजता येत नाही आणि त्याची विनवणीही करता येत नाही. म्हणून कल्पनाशक्ती पुढे सरसावते व अदृश्याला दृश्य करून दाखविते. हे कार्य एके काळी पुराणे व लोककथा करीत असत. आज ते ज्या नव्या कलाप्रकारांनी हाती घेतले आहे, त्यांपैकी एकाचा परामर्श आम्ही येथे घेणार आहो. 'वॉरहॅमर फॅन्टसी रोलप्ले' हा तो खेळ असून इंग्लंडातील गेम्स वर्कशॉप ह्या संस्थेने तो १९८६ साली प्रथम प्रसिद्ध केला.

खेळाचे नाव ऐकताच रसिकांनी नाक मुरडू नये. चार-पाच मंडळी मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो व बाकीचे एकेक पात्र अंगीकारतात. सूत्रधार प्रसंग मांडतो, पात्रे आपले बोलणे-चालणे ठरवितात, आणि यशापयश जेथे अनिश्चित असेल तेथे फासे टाकून शंभरांतील एक आकडा काढावयाचा व त्यावरून निकाल लावावयाचा, अशी ही पद्धत आहे. नाटकाचा आणि सारीपाटाचा हा संकर आहे असे म्हटले तरी चालेल. ह्या खेळातील जग जुन्या जर्मन साम्राज्याच्या धर्तीवर रचलेले आहे, आणि त्यातील पात्रे बहुधा राजपुत्र नसून क्षुद्र धंद्याची माणसे असतात. लहानसे पण चावरे कुत्रे बाळगून गटारांतून उंदीर धरीत हिंडणारा मूषकपारधी हे त्यांतील एक प्रसिद्ध पात्र. प्लेगच्या कथेला ह्याहून समर्पक नायक कोणता मिळावा?

ह्या जगात रोगाचा व निराशेचा अधिष्ठाता म्हणून नर्गल नावाचा एक देव कल्पिला आहे. १९९० सालच्या 'द लॉस्ट अँड द डॅम्ड' ह्या ग्रंथात त्याचे व त्याच्या परिवाराचे सविस्तर वर्णन आढळते. सामान्य लेखकाने असा देव क्रूर व रागीट रंगविला असता. येथील कल्पकता अशी की, नर्गल प्रेमळ आहे! त्याचे भक्त त्याला आजोबा म्हणतात. तो लठ्ठ, हसरा आणि दातृत्वाचा भुकेला आहे. मात्र त्याचे दान म्हणजे फोड, ताप व सडणे. त्याच्या अंगाखांद्यावर खेळणारी चिमुकली भुते खोडकर पोरांसारखी खिदळतात. त्याच्या पदरी एक जनावरही आहे. ते पाळीव पिल्लाच्या लाडिकपणाने माणसाच्या अंगावर झेप घेते, आणि सोबती त्या स्पर्शाने मेला म्हणजे हिरमुसून दुसरा खेळगडी शोधू लागते. रोगाला द्वेष नसतो, त्याला केवळ वाढावयाचे असते, हे शास्त्रीय सत्य ह्याहून चांगल्या रूपकात सांगितलेले आम्हांस ठाऊक नाही.

परंतु ह्या परिवारातील खरा विचार करावयाजोगा प्राणी म्हणजे प्लेगवाहक. एक डोळा, एक शिंग, फुगून फाटलेले पोट व भोवती माश्यांचे मोहोळ असे त्याचे ध्यान आहे. आपल्या धन्याच्या रोगांची मोजदाद करीत तो अखंड पुटपुटत असतो. हा पिशाच जन्मतो कसा? 'नर्गलची सड' नावाची व्याधी जडलेला मनुष्य हळूहळू झिजतो, आणि मेल्यावर त्याचाच प्लेगवाहक होतो. म्हणजे येथे पिशाचापासून रोग होत नाही. रोगापासून, किंबहुना रोग्यापासून पिशाच होतो.

आमच्या परंपरेतील कथांशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. योगवासिष्ठातील कर्कटी राक्षसी तपाच्या बळावर सुईएवढी सूक्ष्म होऊन विषूचिका ह्या रूपाने माणसांच्या शरीरात शिरते. पुढे पश्चात्ताप पावून पुन्हा तप करिते आणि ज्ञानास पात्र होते. भागवतातील बाणासुराच्या युद्धात शिवाचा ज्वर वैष्णव ज्वराकडून पराभूत होऊन कृष्णाची स्तुती करितो व अभय मिळवितो. ह्या दोन्ही कथांत रोग हा रोग्याहून निराळा आहे. त्याच्याशी तह करिता येतो, त्याला उपरती होऊ शकते. आणि तो निघून गेला म्हणजे रोगी पूर्ववत माणूसच उरतो. नर्गलच्या राज्यात ही सीमारेषा पुसली गेली आहे. तेथे रोगी हाच शत्रूचा कच्चा माल आहे.

ह्यास कोणी विकृती म्हणतील. आमचे मत तसे नाही. साथीच्या दिवसांत लोक ज्याला भितात तो जंतू नव्हे, शेजारी होय. १६६५ च्या लंडनमधील साथीविषयी डीफोने १७२२ साली लिहिलेल्या ग्रंथात रोग्यासकट कुलूपबंद केलेली घरे व दारावरचे पहारेकरी आहेत. आणि २०२० च्या साथीत आजाऱ्याच्या बंद दाराकडे लोक कोणत्या नजरेने पाहात, हे आम्हां सर्वांच्या स्मरणात आहे. प्लेगवाहक हे रोगाचे चित्र नाही. रोग्याकडे पाहणाऱ्या भेदरलेल्या डोळ्यांचे ते चित्र आहे. ह्या दृष्टीने ते खरे आहे, आणि म्हणूनच भयंकर आहे.

दोष आहे तो दुसरीकडे. रोगी आणि पिशाच ह्या दोन अवस्थांमध्ये जो काळ जातो, ज्यात मनुष्य अजून मनुष्य आहे, पाणी मागतो, मुलाचे नाव घेतो, तोच वाङ्मयाचा खरा प्रदेश होय. खेळाच्या ग्रंथात पिशाचाचे बळ आकड्यांत मोजून दिलेले आहे; ह्या मधल्या काळाला तितकी जागा नाही. ह्या जगात शाल्या नावाची करुणेची देवी आहे. पारवा तिचे चिन्ह, शुश्रूषा तिचे व्रत. नर्गलशी मात्र तिचे हाडवैर आहे. मग सडीने ग्रासलेला मनुष्य शाल्येचा की नर्गलचा, आणि तो कोणत्या घटकेपासून परका झाला, हे कोणी ठरवावयाचे? तरवार उचलण्याची परवानगी ज्याला हवी असते, त्याला ती घटका नेहमीच लवकर आलेली वाटते. खुद्द इंग्लंडात, डार्बीशायर परगण्यातील ईम ह्या खेड्याने १६६५-६६ मध्ये निराळे उत्तर दिले होते. विल्यम माँपेसन ह्या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी रोग बाहेर जाऊ नये म्हणून स्वतःलाच शिवेच्या आत कोंडून घेतले. बाहेरच्यांनी शिवेवरील दगडापाशी अन्न ठेवावे व आतल्यांनी शिरक्यात बुडविलेली नाणी ठेवावीत, असा क्रम चालला. तेथे अंतर पाळले गेले, पण माणुसकीचा संबंध तुटला नाही. असा एखादा प्रसंग ह्या खेळात केंद्रस्थानी असता, तर आम्ही त्यास निःशंकपणे श्रेष्ठ म्हटले असते.

तथापि ह्या प्रकाराचे एक वैशिष्ट्य विसरून चालणार नाही. कादंबरीतील उणीव वाचकाला भरून काढिता येत नाही. येथील उणीव मेजाभोवती बसलेल्यांना भरून काढिता येते. मूषकपारध्याच्या सोबत्याला सडीचा पहिला फोड आला असता त्याने पळावे, वार करावा, की उशाशी बसावे, हे कोणताही फासा ठरवीत नाही. तो निर्णय खेळणाऱ्याचा असतो. नर्गल निराशेवर जगतो असे हा खेळ सांगतो. तेव्हा जो उशाशी बसला त्याने त्या देवाचा एक घास हिरावून घेतला, असे आम्ही समजतो.