वाट, वेळ आणि कल

बातम्यांच्या वाहिनीचं शीर्षक सुरू होतं. सोनेरी अक्षरं वळसे घेत येतात, पृथ्वीच्या गोलाला प्रदक्षिणा घालतात आणि जागेवर बसतात. कुठे धक्का नाही, कुठे अडखळणं नाही. तरीही पाच मिनिटांनी त्यातलं काही आठवत नाही. असं का व्हावं, या प्रश्नामागे मी काही वर्षं आहे. संगणकशास्त्र मी शिकलेलो नाही. ब्लेंडर हे विनामूल्य सॉफ्टवेअर रात्री घरी बसून, चुका करत शिकलो. त्या चुकांनीच मला जॉन लॅसेटर यांच्या १९८७ च्या निबंधापर्यंत नेलं.

पिक्सारचा ‘लक्सो ज्युनिअर’ (१९८६) हा दोनेक मिनिटांचा लघुपट. टेबलावरचे दोन दिवे आणि चेंडू एवढीच पात्रं. कॅमेरा जागचा हलत नाही. मोठ्या दिव्याच्या हालचाली संथ, छोट्याच्या चपळ, आणि तेवढ्यावरून बाप कोण, मूल कोण ते कळतं. पुढच्याच वर्षी लॅसेटर यांनी हातानं काढलेल्या अ‍ॅनिमेशनची तत्त्वं त्रिमितीला कशी लागू होतात, हे सिग्राफ परिषदेत मांडलं. त्यातला कमानींविषयीचा छोटा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांची तक्रार अशी : बहुतेक प्रणालींत वस्तूची वाट आणि तिची वेळ एकाच वक्ररेषेला बांधलेली असते, हालचाल जलद केली की कमान सपाट होते. म्हणून वाटेची रेषा वेगळी हवी आणि वेळेची वेगळी.

आज ही मागणी पूर्ण झाली आहे. ब्लेंडरमध्ये वस्तूला ‘फॉलो पाथ’ लावला की वाट एका वक्ररेषेत राहते आणि वेळ दुसऱ्या आलेखात. मग शीर्षकं निर्जीव का?

एक कारण वक्ररेषेच्या जन्मात आहे. पॉल द कास्तेलजो यांनी १९५९ साली सित्रोएनमध्ये आणि पिएर बेझिए यांनी रेनॉमध्ये या रेषांवर काम केलं ते मोटारींच्या पत्र्याला आकार देण्यासाठी. या रेषेला आकार कळतो, काळ कळत नाही. तिच्या सूत्रातला ‘टी’ ० पासून १ पर्यंत सरकतो, पण तो घड्याळ नव्हे आणि अंतरही नव्हे. सरळ रेषेचे दोन्ही नियंत्रणबिंदू तिच्या टोकांवरच ठेवले, तर ‘टी’ पाव झाला तरी वस्तूनं जेमतेम १६ टक्के अंतर कापलेलं असतं. लांबी मोजून ही विषमता दुरुस्त करता येते. मग हाती येतो तो समान वेग. समान वेगानं सरकता जिना चालतो.

मी एक कागदी विमान नागमोडी, चढउताराच्या वाटेवर सोडून पाहिलं. चढावरही तोच वेग, उतारावरही तोच. ते उडत नव्हतं, कुणीतरी तारेवरून ओढत होतं. प्रत्यक्षात स्थिर अवस्थेतून निघून ५ मीटर खाली घरंगळलेल्या वस्तूला, घर्षण सोडलं तर, सेकंदाला सुमारे १० मीटर वेग मिळतो. मग वाट कशीही वळलेली असो. म्हणजे निसर्गात वाट आणि वेळ यांची गाठ गुरुत्वाकर्षण बांधतं. लॅसेटर यांनी मागितलेलं स्वातंत्र्य ती गाठ सोडतं आणि पुन्हा बांधण्याचं काम कलावंतावर टाकतं. मी आलेखातली रेषा चढाच्या माथ्यापाशी जवळजवळ आडवी केली, उताराला उभी. एवढ्यानंच विमानाला वजन आलं.

राहिला कल. वस्तूची वरची बाजू केवळ वळणाच्या दिशेवरून ठरवली, तर इंग्रजी ‘एस’सारख्या वाटेवर वळण जिथे बाजू बदलतं तिथे वस्तू एकदम उलटी होते. फ्रेने यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीची ही अडचण. रिचर्ड बिशप यांनी १९७५ मध्ये रेषेभोवती विनाकारण न फिरणारी चौकट मांडली. ब्लेंडरमधला ‘मिनिमम’ हा पर्याय त्याच जातीचा. त्यानं कोलांटी टळते, पण विमान वळणावर कलतही नाही. तो कल बिंदूगणिक हातानं द्यावा लागतो.

कुणी म्हणेल, शीर्षकातल्या अक्षरांना वजन हवंच कशाला? आक्षेप रास्त आहे. अक्षर म्हणजे चेंडू नव्हे. ते तरंगलं तरी चालेल. माझी तक्रार इतकीच की, ते तरंगावं असं कुणी ठरवलेलं नसतं. वाट हौसेनं आखली जाते. वेळ आणि कल सॉफ्टवेअरनं आधीच भरून ठेवलेल्या आकड्यांवर सोडले जातात. गुळगुळीतपणा फुकट मिळतो, म्हणून त्यालाच सफाई समजलं जातं.

माझं विमानही पुष्कळ दिवस एका वळणावर खोटं वाटत होतं. कल बरोबर होता, पण तो मी वळणावरच दिला होता. खरं विमान आधी कलतं, मग वळतं. कल दोन बिंदू अलीकडे घेतला, आणि ते विमान स्वतःहून वळू लागलं.