नानांचे शयनगृह, कोतवालाची सनद

पुढाऱ्याचे विवाहबाह्य संबंध उघड झाले की आपल्याकडे दोनच सूर निघतात. बायकोशी इमान राखले नाही तो राज्याशी काय राखणार, हा एक. घरातले घरात, तुम्ही काम बघा, हा दुसरा. आमच्या कुर्ल्याच्या टपरीवर हेच, अग्रलेखांतही हेच. मराठीत हा वाद सर्वांत जोरात झाला तो एका नाटकावरून.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले. नाना फडणवीसांना लंपट दाखवले म्हणून गदारोळ उठला आणि प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने प्रयोग थांबवले. आक्षेपामागचे गृहीत असे की, एवढा मुत्सद्दी असा नसणार. पण नानांनी नऊ लग्ने केली, आणि आपल्या त्रोटक आत्मचरित्रात तारुण्यातल्या विषयवासनेची कबुली त्यांनी स्वतःच देऊन ठेवली आहे. (या बाबतीत नाना त्यांच्या कैवाऱ्यांहून धीट!)

मला या वादात खटकते ते वेगळेच. नाटकातला निर्णायक प्रसंग वासनेचा नाही, सौद्याचा आहे. घाशीराम आपली मुलगी गौरी नानांना देतो आणि बदल्यात पुण्याची कोतवाली घेतो. त्या सनदेपाशी खासगीपण संपते. पुढची किंमत शहर मोजते. हा सौदा नाटककाराचा. इतिहासातला घाशीराम सावळदास १७७७ मध्ये कोतवाल झाला. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा नानांना त्याला लोकांच्या हवाली करावे लागले. त्यांनी त्याला दगडांनी ठेचले. चौदा वर्षे या कोतवालावर नजर कोणाची होती, या प्रश्नाला नऊ लग्ने हे उत्तर नव्हे आणि मुत्सद्देगिरी हेही नव्हे.

जानेवारी २०२१ मध्ये तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांनी विवाहबाह्य संबंध आणि त्यातून झालेली दोन मुले स्वतःच जाहीर केली. पद राहिले. मार्च २०२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला तो मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येत त्यांच्या निकटवर्तीयावर आरोपपत्र आल्यावर. कारण त्यांनी प्रकृतीचे सांगितले. खुनाचा आरोप त्यांच्यावर नाही. पण लोकांनी जाब मागितला तो या जवळच्या माणसाला मिळालेल्या मोकळीकीबद्दल. मला तो प्रश्न योग्य वाटतो.

म्हणून 'काम बघा' म्हणणाऱ्यांचा पक्ष मी घेतो असे मात्र नाही. पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न करणाऱ्या सरकारी कारकुनाची नोकरी जाऊ शकते. आमदाराला तशी अट नाही. त्याला फक्त उमेदवारी अर्जासोबत जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते. त्यात तो खोटे बोलला का, त्या संबंधापोटी कोणाला पद, कंत्राट वा बदली मिळाली का, हे विचारायला शयनगृहात डोकवावे लागत नाही. आणि त्या बाईला तक्रार करायची झाली, तर ती ज्या ठाण्यात जाणार ते त्याच्याच सरकारचे असते. गौरी मेल्यावर खुद्द कोतवाल नानांना जाब विचारायला जातो, आणि समजूत काढली गेल्यावर कोतवाल म्हणूनच परततो.