कवचाची प्रतिकृती आणि अस्तराचा प्रश्न

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग आणि परंडा हे दोन किल्ले दख्खनच्या लष्करी इतिहासाचे मोठे साधन होत. नळदुर्गच्या बोरी नदीवरील बंधारा व त्याच्या पोटातील पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातील स्थापत्याची साक्ष देतात. अहमदनगरला १५४९ साली ओतलेली आणि पुढे परंड्यास असलेली मलिक-ए-मैदान तोफ १६३२ साली विजापुरास नेण्यात आली, ती आजही तेथे पाहावयास मिळते. दगड आणि तोफेचा धातू टिकला. परंतु या तटांवर उभ्या राहिलेल्या शिपायाच्या अंगावर काय होते, हे सांगणारे साधन अत्यल्प उरले आहे. ही उणीव रंगभूमी, चित्रपट आणि मिरवणुकीतील देखावे यांनी प्रतिकृतींच्या द्वारे भरून काढली आहे. विद्यार्थ्याच्या मनातील चिलखताचे चित्र बहुधा या प्रतिकृतींवरूनच बनलेले असते. म्हणूनच प्रतिकृतीची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रश्न अभ्यासविषय ठरतो.

या प्रश्नाचा ऊहापोह युरोपात अधिक झालेला असल्याने तेथील उदाहरणे उपयोगी पडतात. स्कॉटलंडमध्ये एग्लिंटन येथे १८३९ साली मध्ययुगीन थाटाचे द्वंद्वसामने भरविण्यात आले; सॅम्युएल प्रॅट या लंडनच्या व्यापाऱ्याने त्यासाठी कवचे पुरविली. तेथील हेतू शोभेचा होता आणि मुसळधार पावसाने ती शोभाही धुऊन नेली. याहून निराळे उदाहरण कँटरबरीच्या कॅथीड्रलमधील आहे. ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणून ओळखला जाणारा राजपुत्र एडवर्ड १३७६ साली वारला. त्याचे शिरस्त्राण, हातमोजे, ढाल आणि टाके घालून जाड केलेला मखमली अंगरखा ही समाधीवर शतकानुशतके टांगलेली होती. १९५४ साली त्यांच्या प्रतिकृती करून समाधीवर लावण्यात आल्या व जीर्ण मूळ वस्तू जतनासाठी खाली उतरविण्यात आल्या. विटून गेलेल्या वस्त्राचे मूळ रंग कसे असतील, या प्रश्नाला त्या प्रतिकृती उत्तर देतात. तेवढेच त्यांचे कार्य असल्याने तेवढ्यापुरत्या त्या यशस्वी आहेत.

तथापि कवच हे मुळात पाहण्याचे नसून अंगावर घालण्याचे साधन होय. पंधराव्या शतकातील युरोपीय पत्र्याचे रणकवच सामान्यतः वीस ते पंचवीस किलो भरे. पण ते उघड्या अंगावर कधीच चढत नसे. त्याखाली कापडाचे थर टाचून किंवा कापूस, लोकर भरून केलेला जाड अंगरखा असे. तो आघाताचा जोर शोषून घेई आणि धातूला त्वचेपासून दूर ठेवी. शिवाय त्याला लावलेल्या नाड्यांनी हातापायांचे पत्रे बांधले जात, त्यामुळे वजन शरीरभर विभागले जाई. सारांश, पत्रा आणि अस्तर मिळून एकच यंत्र होते. ज्या प्रतिकृतीत पत्रा हुबेहूब घडविला आहे पण अस्तर वगळले आहे, ती अर्ध्या यंत्राची प्रतिकृती होय.

कसोशीने हाताने घडविलेल्या प्रतिकृती काय सिद्ध करू शकतात, हे लीड्स विद्यापीठातील ग्रॅहम अस्क्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले. प्रतिकृती-कवचे घातलेल्या माणसांना सरकत्या पट्ट्यावर चालवून व पळवून त्यांच्या श्वासोच्छ्वासाचे मापन करण्यात आले, तेव्हा शक्तिव्यय सुमारे दुपटीने वाढल्याचे आढळले. पायांवरील पत्र्यांचे ओझे त्याचे एक प्रमुख कारण ठरले. प्रत्येक पावलागणिक ते उचलावे लागते. असा निष्कर्ष केवळ काचेच्या कपाटातील मूळ वस्तू पाहून निघाला नसता.

या कसोटीवर दख्खनी चिलखताच्या प्रचलित प्रतिकृती फारशा उतरत नाहीत. मूळ चिलखत हजारो लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेले असे. लढाईच्या चांगल्या चिलखतात कडीची टोके चपटी करून एकावर एक ठेवीत व त्यांत बारीक रिव्हेट ठोकीत. नुसती टोके जुळविलेली कडी घावाखाली उघडते. देखाव्यातील चिलखतात ही टोके नुसती जुळविलेली असतात, किंवा कड्यांऐवजी जाळी अथवा रंगविलेले कापडच असते. ‘जिरेटोप’ या शब्दाची गत याहून बोधप्रद आहे. फार्सीत ‘जिरिह’ म्हणजे कड्यांचे कवच. आज मात्र त्या शब्दाने डोळ्यांपुढे मोत्यांचा तुरा लावलेले वस्त्रभूषण उभे राहते. नाव राहिले, लोखंड गेले.

अस्तराविषयी एक आक्षेप संभवतो. दख्खनच्या उन्हात चिलखताखाली जाड अंगरखा कोण घालील? परंतु उष्ण प्रदेश आणि जाड वस्त्र यांचा विरोध वाटतो तितका नाही. ११९१ साली अरसूफकडे कूच करणाऱ्या ख्रिस्ती पायदळाच्या अंगावर जाड नमदा व कड्यांचे चिलखत होते आणि पाठीत बाण रुतलेले असतानाही ते चालत होते, असे सलाहुद्दीनचा चरित्रकार बहाउद्दीन याने वर्णिले आहे. ते ऊन पॅलेस्टाइनचे होते. इकडेही कापूस भरलेल्या कपड्याचा अंगरक्षणासाठी उपयोग अपरिचित नव्हता. तेव्हा उन्हाच्या तर्काने अस्तर निकालात काढता येत नाही. ते करून, घालून आणि तोलूनच पाहिले पाहिजे.

रंगभूमीला तिचे स्वतःचे नियम आहेत. अडीच तास वावरणाऱ्या नटाला दहा किलोचे लोखंड घालावयास लावणे योग्य नव्हे, आणि त्या हलक्या वेशाला दोष देणेही अनाठायी होय. दोष उद्भवतो तो त्या वेशाला संग्रहालयात किंवा पाठ्यपुस्तकात पुराव्याचे स्थान मिळते तेव्हा. अभ्यासासाठी मांडलेल्या प्रतिकृतीशेजारी तीन गोष्टी नमूद असाव्यात : ती कोणत्या मूळ वस्तूवरून केली, कोणता भाग अनुमानाने भरला, आणि आत कोणते वस्त्र गृहीत धरले. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती प्रतिकृती चिलखताच्या बाह्यरूपाची मानावी, चिलखताची मानू नये.