गोष्ट संपल्यावरची एक ओळ

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मांडव वर्ध्यात दोनदा उभा राहिला. १९६९ साली पु. शि. रेगे अध्यक्ष होते आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये न्या. नरेंद्र चपळगावकर. अशा मांडवांतील विषय मोठे असतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र अगदी लहान आहे. आमच्या जिल्ह्यातील काही परिचित कुटुंबांनी गेल्या पावसाळ्यात मोबाइलवरच एक स्नेहस्पर्धा घेतली. अट एकच होती: गोष्ट शंभर शब्दांच्या आत संपली पाहिजे. अशा गोष्टीला हल्ली ‘अलक’, म्हणजे अतिलघुकथा, म्हणतात. मीही एक कथा पाठविली आणि इतरांच्या सर्व वाचल्या. त्या वाचनातून जे मनात आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

‘अलक’ हे नाव नवे असले तरी थोडक्यात सांगण्याची ओढ मराठीला नवी नाही. वि. स. खांडेकरांनी रूपककथा लिहिल्या आणि खलील जिब्रानच्या छोट्या कथा मराठीत आणल्या. आमच्या स्पर्धेतील लेखकांपुढे असा कोणताही आदर्श नव्हता. त्यांनी आपल्या भोवतीचे जग घेतले: कापसाचा भाव, नोकरीसाठी दूर गेलेली मुले, घरात एकटे पडलेले आजोबा. विषय सच्चे होते आणि भाषाही पुष्कळांची साधी, स्वच्छ होती. तरीही बहुतेक कथा एकाच ठिकाणी घसरल्या. ते ठिकाण म्हणजे शेवटची ओळ.

माझीच कथा घ्या. हिंगणघाटच्या बाजारात कापूस विकून परतणारा शेतकरी वाटेत बैलांना पाणी पाजतो आणि स्वतः मात्र चहाच्या टपरीवरून तसाच पुढे जातो. इथे मी थांबावयास हवे होते. परंतु ‘बळीराजाचे दुःख कोणाला कळणार?’ असे एक वाक्य मी पुढे जोडले. वाचकाला कळणार नाही, ही धास्ती त्यामागे होती. बैलांना पाणी पाजणारा माणूस ज्याला दिसला, त्याला माझ्या प्रश्नाची गरज नव्हती. ज्याला तो दिसला नाही, त्याला त्या प्रश्नाचा उपयोग नव्हता.

कथेतून बोध देऊच नये, असे माझे म्हणणे नाही. वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यात, महानुभावांचे रिद्धपूर आहे. त्या पंथाच्या ‘दृष्टान्तपाठा’त केशोबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त संकलित केले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. प्रथम सूत्र, मग दृष्टान्त आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीचा लावलेला अर्थ. बोध आहे, पण त्याची जागा वेगळी आहे. तो गोष्टीच्या अंगात शिरत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. थोरला मुलगा रागावून बाहेर उभा राहतो आणि बाप त्याची समजूत घालावयास येतो. तो घरात गेला की नाही, हे शेवटपर्यंत सांगितलेले नाही. त्यामुळे तो प्रश्न ऐकणाऱ्याबरोबर घरी येतो. आणि ज्या रेग्यांनी वर्ध्याचे संमेलन भूषविले, त्यांच्या ‘सावित्री’ या कादंबरीत केवळ सावित्रीचीच पत्रे आहेत. तिला आलेली उत्तरे वाचकाने आपल्या मनाशी जुळवावयाची असतात.

आता स्पर्धेच्या ‘स्नेहपूर्ण’ असण्याविषयी. एका वयस्क मावशींनी लिहिले होते की, परगावी गेलेल्या मुलासाठी आई रोज रात्री एक भाकर झाकून ठेवते आणि सकाळी तीच भाकर गाईला घालते. शेवटी ओळ होती, ‘आईचे प्रेम असेच असते.’ सर्वांनी ‘छान’, ‘अप्रतिम’ असे कळविले. मीही हात जोडल्याचे चिन्ह पाठवून मोकळा झालो. स्नेहात उणे काढू नये, असे आपण समजतो. पुढे एकदा भेट झाली तेव्हा मावशींनी विचारले, “भाऊ, खरं सांगा, कशी झाली?” मी चाचरत म्हणालो, “मावशी, गोष्ट गाईपाशीच संपली होती.” त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ती ओळ मी स्पर्धेसाठी घातली. मला वाटलं, तुम्ही कोणी वाचलीच नाही.”

त्या वाक्याने मी खजील झालो. आमची स्तुती त्यांना न वाचल्यासारखीच वाटली होती, आणि ते खोटे नव्हते. ज्या बाईने आपल्या घरातील रिकामी जागा शब्दांत मांडली, तिला आम्ही एका शब्दात वाटेला लावले होते. दोष दाखविण्यासाठी कथा दोनदा वाचावी लागते. ‘अप्रतिम’ म्हणण्यासाठी एकदाही वाचावी लागत नाही. समीक्षा हा शब्द ऐकून पुष्कळांना परीक्षक आठवतो. कुटुंबांच्या स्पर्धेत तिचा अर्थ एवढाच की, तुमची गोष्ट मी मन लावून वाचली.

म्हणून पुढील स्पर्धेसाठी दोन सूचना कराव्याशा वाटतात. वाचन होईपर्यंत लेखकांची नावे झाकलेली असावीत, म्हणजे भीड आडवी येणार नाही. आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाने इतरांच्या प्रत्येक कथेवर दोन वाक्ये लिहावीत: कथा कोठे धरून ठेवते आणि कोठे सुटते. पुस्तक कोणालाही मिळो. ही दोन वाक्ये मात्र सर्वांना मिळतील.

मावशींनी ती कथा मला पुन्हा पाठविली आहे. शेवटची ओळ गेली आहे. गाय भाकर खाते आणि आई दार लोटून आत जाते, एवढेच उरले आहे. ती वाचून मी बराच वेळ काहीच लिहू शकलो नाही. मग त्यांना दोन वाक्ये लिहून पाठविली.